कै. कारभारी आण्णा स्मृती शीतलछाया

प्रयोग यशस्वी झाला. धामणटाकळीवरचं ऊन ठरल्यापेक्षा जास्तच कमी झालं, पुण्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि लंकाबाईंच्या कुरडयांचा भुगा झाला.

हे वरचं वाचलंच नाही असं समजा. ग्रामसभेच्या ठरावानुसार आमच्या गावात असा कोणताही प्रयोग झालेला नाही, उन्हाला कोणी हात लावलेला नाही, आणि कुरडयांचं जे काही झालं तो कुरडयांचा वैयक्तिक प्रश्न आहे. तर, न झालेल्या गोष्टीची हकिकत अशी.

होळीच्या आसपास पुण्याच्या एका संस्थेची गाडी गावात आली. गाडीतून दिशा मॅडम उतरल्या. वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र, हातात प्रोजेक्टर. त्यांचं म्हणणं असं की जग तापत चाललंय, त्यावर एक उपाय म्हणजे हवेत उंचावर चुनखडीची बारीक भुकटी सोडायची, म्हणजे थोडं ऊन आल्या पावली परत जाईल. हे मोठ्या प्रमाणावर करण्याआधी छोट्या जागी करून बघायचं. दोन मोठे फुगे, एक दिवस, एक गाव. आमचंच गाव का, तर पाथर्डी तालुक्याच्या या पूर्वेच्या टोकाला ऊन इतकं आहे की त्यातलं थोडं गेलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही, असा संस्थेचा अंदाज होता.

ग्रामसभा बोलावली. दिशा मॅडम सकाळी दहाला समाज मंदिरात प्रोजेक्टर लावून बसल्या. साडेअकरापर्यंत त्या, ग्रामपंचायतीचा शिपाई वाल्मिक आणि एक कुत्रं, एवढीच हजेरी झाली.

"लोकांचा विरोध आहे का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई ओ," वाल्मिक खुर्च्या उचलत म्हणाला. "ही सभा आमी धरतच न्हाई. हिला गनपूर्ती लागती, म्हंजी ठरलेली माणसं पायजेत. ती भरली न्हाई की सभा तहकूब. मग तहकूब सभा पुन्हा घ्यायची. तिला गनपूर्तीची अट न्हाई. म्हणून समदे तिलाच येत्यात."

"म्हणजे माणसांची अट नसते तेव्हा माणसं येतात?"

"व्हय. अट असली की कोन येतंय?"

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या आठवड्यात तहकूब सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडमनी पडद्यावर सूर्य दाखवला. सूर्य सगळ्यांच्या ओळखीचा असल्यामुळे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग बायकांच्या बाजूने लंकाबाई उठल्या.

लंकाबाई आणि त्यांचे मालक भिमाजी लग्न झाल्यापासून दर ऑक्टोबरला ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जात आले. पोरं पाचटाच्या खोपीत मोठी झाली. या वर्षी मात्र लंकाबाईंनी मोठ्या कारखान्याऐवजी स्वतःचा लहान कारखाना काढला होता. घरकुलाच्या स्लॅबवर कुरडया. नगरच्या एका दुकानदाराने नमुना तळून खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, पहिला माल मी स्वतः येऊन बघतो, असाच पांढरा आणि अख्खा निघाला तर वर्षभराचा माल तुमच्याकडूनच. तसं झालं तर ऑक्टोबरात टोळीत नाव घालायचं नव्हतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण लंकाबाईंनी ते पाण्याच्या टाकीपाशी सांगितलं होतं.

"मॅडम," लंकाबाई म्हणाल्या, "ऊन किती कमी व्हनार?"

"साधारण आठ टक्के."

"आन कोनत्या दिवशी?"

मॅडम तोंड उघडणार तोच अजिनाथ गुरुजी उभे राहिले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मराठी शिकवायचे आणि शिक्षक कमी असला तर कवायतही. "दिवस नंतर," ते म्हणाले. "आधी नाव. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्यावर चर्चा करणं अशास्त्रीय आहे."

सरपंच कानिफनाथांनी मान डोलावली. त्यांची अडचण वेगळी होती. आमच्याकडे कोनशिलेशिवाय काही सुरू होत नाही. वेशीजवळच्या हातपंपाला पाणी नाही, पण कोनशिला बघण्यासारखी आहे. कोनशिला म्हटलं की संगमरवर आला, आणि संगमरवर कोरणारा नावासाठी खोळंबला होता.

"तुमी याला काय म्हनता?" सरपंचांनी विचारलं.

"आम्ही सौर प्रारण व्यवस्थापन म्हणतो," मॅडम म्हणाल्या.

"व्यवस्थापन म्हनलं की समिती आली. समिती म्हनलं की विरोधकांचा एक घ्यावा लागतो. दुसरं?"

"काही जण हवामान अभियांत्रिकी म्हणतात."

"अभियांत्रिकीत कंत्राटदार येतो," मागून कोणीतरी म्हणालं. "मग ऊन निम्मंच कमी व्हतंय आन बिल पुरं."

"जे याच्या विरोधात आहेत ते हवामानातला हस्तक्षेप म्हणतात."

"हस्तक्षेप नको. पोलीस पाटलाला वाटंल त्यालाच बोलावलंय."

"मग सरळ प्रयोग म्हणा ना."

भिमाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "प्रयोग उंदरावर करत्यात."

सभेने आपापल्या शेजाऱ्याकडे बघितलं. प्रयोग रद्द झाला.

"उपचार कसा वाटतो?" गुरुजींनी सुचवलं.

"मंग आजारी कोन हाय?"

या एका प्रश्नावर दिशा मॅडमनी तीन परिषदा ऐकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पृथ्वी."

"ती आपल्या तालुक्यात येती का?" सरपंचांनी ग्रामसेवकाला हळूच विचारलं. ग्रामसेवक म्हणाले, बघून सांगतो.

आमचा नावांचा अनुभव दांडगा आहे. जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललं. काही एसट्यांवर जुनी पाटी आहे, काहींवर नवी, आणि दोन्ही सारख्याच उशिरा येतात. तरीही सभा तीन तास चालली. लंकाबाई मधेमधे उठून "पर दिवस कोनता?" विचारत होत्या आणि सरपंच "वहिनी, त्याच विषयाकडं चाललोय" म्हणत होते.

भिमाजींनीही एकदा विचारलं, "मॅडम, हे चालू कसं करायचं ते कळलं. बंद करायचं बटन कुठं हाय?"

"बटण नाही. कण हळूहळू आपोआप खाली येतात."

"कन म्हंजी धूळ."

"कण."

"खाली आल्यावर?"

मॅडम प्रामाणिक होत्या. "खाली आल्यावर धूळ," त्या म्हणाल्या.

त्यांनी धोक्यांची एक यादीही आणली होती. ती पत्रकात छापलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सरपंच म्हणाले, छापू की, फक्त 'धोका' शब्द नको, तो विजेच्या डीपीवर असतो, खाली कवटी असते, लोक घाबरत नाहीत पण वाईट दिसतं. गुरुजींनी 'अनिश्चितता' सुचवलं. ते कोणाला बोलता येईना. मग 'शक्यता' झालं. मग कुणीतरी म्हणालं शक्यता म्हणजे होईलच असं नाही, मग छापायचं कशाला. शेवटी धोक्यांचं शीर्षक 'योजनेची ठळक वैशिष्ट्ये' असं एकमताने ठरलं. पहिलं ठळक वैशिष्ट्य होतं: त्या दिवशी वाळवण वाळणार नाही.

आता राहिलं मुख्य नाव. तोवर टाकीला पाणी आलं म्हणून लंकाबाई आणि भिमाजी उठून गेले होते. सरपंचांनी घसा साफ केला आणि वडिलांचा विषय काढला. कै. कारभारी आण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावाने अजून गावात काही नव्हतं. आण्णांचा आणि सावलीचा संबंध तसा उलटा. बांधावरचे दोन्ही लिंब त्यांनी स्वतः तोडले होते, कारण सावली शेजाऱ्याच्या रानात पडायची आणि तो तिथं फुकट बसायचा. पण गेलेल्या माणसाच्या नावाला सभेत विरोध करायची आमच्याकडे पद्धत नाही. हात वर झाले. 'कै. कारभारी आण्णा स्मृती शीतलछाया सोहळा.' सोहळा गुरुजींनी जोडला, नाहीतर त्यांच्या म्हणण्यानुसार ओळ लंगडत होती.

"पर लंकाबाईंचा दिवस?" वाल्मिकने आठवण केली.

"वेळ संपली," सरपंच म्हणाले. "दिवस कळवला जाईल."

कळवला गेला. पत्रक छापलं. पुढच्या बाजूला आण्णांचा फेट्यातला फोटो इतका मोठा आला की मजकुराला जागा उरली नाही. ठळक वैशिष्ट्यं मागच्या बाजूला गेली. वाल्मिकने पत्रकं खळ लावून गावभर चिकटवली. त्यामुळे मागची बाजू फक्त भिंतींनी वाचली.

शिवाय घंटागाडीच्या भोंग्यावर त्याने पुकाराही केला: "येत्या रविवारी सकाळी आठ वाजता कै. कारभारी आण्णा स्मृती शीतलछाया सोहळा. पुण्याचे पाव्हणे येनार हायेत. समद्यांनी येऊन महाप्रसादाचा लाभ घ्यावा. ओला कचरा येगळा द्या."

लंकाबाईंनी दारातून ऐकलं. "आण्णानं जित्तेपनी कुनाला च्या पाजला न्हाई," त्या भिमाजींना म्हणाल्या. "मेल्यावर जेवू घालतोय. चांगलं हाय." म्हणजे पुण्यतिथी. पुण्यतिथीला जेवण असतं, कीर्तन असतं, सरपंचांचं भाषण असतं. ऊन बंद ठेवत नाहीत. दुकानदार मंगळवारी येणार होता. त्यांनी गुरुवारी सगळा गहू भिजत घातला.

कुरडईचं एक आहे. गहू भिजला की निर्णय झाला. दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग वाटून त्याचा पांढरा चीक काढायचा, चीक बसला की पहाटे शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्याने कुरडया पाडायच्या आणि त्याच दिवसाचं कडक ऊन दाखवायचं. एक दिवस ऊन चुकलं तर कुरडई आंबते, मग तिला बुरशी येते. ती वाट बघत नाही.

रविवारी सकाळी स्लॅबभर कुरडया पांढऱ्या फुलांसारख्या मांडून लंकाबाई खाली उतरल्या तेव्हा शाळेच्या मैदानावर सोहळा सुरू झाला होता. मांडव नव्हता, सावली वरूनच येणार असल्यामुळे सरपंचांनी मांडवाचा खर्च वाचवला होता. आण्णांच्या फोटोला हार घातला. पुण्याहून दिशा मॅडमचे मोठे साहेब आले होते. त्यांना फेटा बांधला. फेटा बांधलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे सरपंचांना चांगलं माहीत होतं.

"साहेब, आठ टक्के डोळ्याला दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"डोळ्याला नाही. यंत्राला दिसेल."

"पाव्हणे यंत्र घेऊन आलेले न्हाईत ओ. जरा दिसंल असं करा."

"सर, नको," दिशा मॅडम म्हणाल्या. "वारा पडलाय. भुकटी हलणार नाही. आपण ठरवलेलं प्रमाण..."

साहेबांनी फेटा सावरला आणि दोन्ही फुग्यांत दुप्पट माल भरायला सांगितला. नारळ फुटला. फुगे वर गेले, इतके वर गेले की बटणाएवढे झाले, आणि मग आभाळात कोणीतरी दूध सांडल्यासारखं झालं. ऊन पिवळ्याचं पांढरं झालं, मग राखाडी. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, हा क्षण ऐतिहासिक आहे. गुरुजी म्हणाले, क्षणाला नाव काय द्यायचं ते ठरवू.

तेवढ्यात लंकाबाई व्यासपीठासमोर आल्या. हाताला अजून चीक लागलेला.

"नाथाभाऊ, हे काय हाय?" त्यांनी सरपंचांना विचारलं.

"सोहळा, वहिनी."

"ऊन कुठं गेलं?"

"त्योच तर सोहळा."

लंकाबाईंनी फोटोतल्या आण्णांकडे बघितलं, मग वर बघितलं. मग दिशा मॅडमकडे वळल्या. "ताई, माझ्या कुरडया वर हायेत. वर्साची कमाई हाय ती. बंद करा."

"बंद करता येत नाही," दिशा मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं होतं. पत्रकात पहिलंच आहे."

"कोनत्या पत्रकात?"

वाल्मिक जमिनीकडे बघू लागला.

"किती येळ ऱ्हाईल?"

"वारा नाही. उद्यापर्यंत राहील."

"आन ऊन कुठं हाय?"

मॅडमनी हातातल्या यंत्रात बघितलं आणि पूर्वेकडे बोट दाखवलं. "कडा तिकडे आहे. चार-पाच किलोमीटरवर."

"मंग तिकडं नेऊ," लंकाबाई म्हणाल्या.

गावात ट्रॅक्टर-ट्रॉली एकाकडेच होती, सूर्यभान मुकादमाकडे. हाच दर ऑक्टोबरला टोळी भरून श्रीगोंद्याला न्यायचा. भिमाजी त्याच्या दारात गेले. सूर्यभान बाजेवर बसून राखाडी आभाळ बघत होता. त्याने किल्ली काढून दिली.

"न्या. कुरडया वाळल्या न्हाईत तर ऑक्टोबरात ह्याच ट्रॉलीत बसायचंय. बसून बघा, सवय ऱ्हाईल."

ट्रॉलीत चार बाजा टाकल्या, बाजांवर प्लास्टिकचा कागद, कागदावर ओल्या कुरडया. गावातल्या बायकांनी एकेक उचलून खाली दिली; तान्हं पोर देतात तसं, दोन्ही हातांवर. भिमाजी ट्रॅक्टरवर, लंकाबाई बाजांच्या मधे उभ्या. दिशा मॅडम यंत्र घेऊन धावत आल्या आणि ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरून आत चढल्या.

"साहेब रागावतील की," वाल्मिक म्हणाला.

"कडा मोजायचीच आहे," मॅडम म्हणाल्या.

ट्रॅक्टर निघाला. आमच्या गावचा रस्ता मंजूर आहे. तो कुठे मंजूर आहे ते दिसत नाही, पण मंजूर आहे. प्रत्येक खड्ड्याला एक-दोन कुरडयांचे तुकडे व्हायचे.

"अवो, हळू!"

"हळू गेलो तर आंबत्यात!"

"जोरात गेला तर मोडत्यात!"

"मंग कसं जाऊ, ते एकदा ठरवून सांग!"

"आता तुमीबी सभा घ्या हितं!"

शेजारच्या हिवरटाकळीच्या हद्दीत शिरताच रस्त्यावर एक पिवळी रेघ दिसली. पलीकडे ऊन. खरंखुरं, डोळे मिटायला लावणारं. ट्रॅक्टर रेघेपलीकडे नेऊन भिमाजींनी थांबवला. लंकाबाईंनी कुरडईवर हात ठेवला आणि हसल्या. मॅडमनी यंत्रावरचा आकडा वाचला आणि त्याही हसल्या.

मग सकाळपासून पडलेला वारा उठला. पश्चिमेचा.

रेघ ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी आली, मग बाजेशी, मग मॅडमच्या यंत्राशी. "पुढं घ्या!" लंकाबाई ओरडल्या. ट्रॅक्टर पुढे, सावली मागे. थांबले की ती यायची. भिमाजी वळून सावलीला एक शिवी द्यायचे आणि गिअर टाकायचे. असे ते गावं ओलांडत गेले. लोक रस्त्यावर येऊन बघायचे: पुढे कुरडयांची ट्रॉली, मागून आण्णा. एका फाट्यावर एका म्हाताऱ्याने हात करून विचारलं, "कोनत्या कारखान्याला?" लंकाबाई खाली बसल्या, ट्रॉलीच्या त्याच कोपऱ्यात, जिथे त्या दर वर्षी बसायच्या. सवयीने पाठ बरोबर टेकली.

बारा-चौदा किलोमीटरवर डिझेल संपलं. सावली आली, थोडा वेळ थांबली आणि पुढे निघून गेली. मग लख्ख ऊन पडलं. तोवर भुकटी खाली बसायला लागली होती, रस्त्याची धूळ आधीच बसली होती, आणि चार बाजांवर एकही अख्खी कुरडई उरली नव्हती. जो भुगा होता तो मात्र कडकडीत वाळला.

मंगळवारी दुकानदार आला. त्याने चिमूटभर भुगा तोंडात टाकला, डोळे मिटले. "चव तीच हाय, मावशी," तो म्हणाला. "पर गिऱ्हाईक कुरडई मागतं. हे मी काय म्हणून इकू?" गुरुजी तिथेच होते. त्यांनी दोन-तीन नावं सुचवली. दुकानदार दुसऱ्या गावाला गेला.

बुधवारी हिवरटाकळीने लेखी तक्रार केली की धामणटाकळीची सावली विनापरवाना त्यांच्या हद्दीतून गेली आणि जाताना धूळ टाकून गेली. सरपंचांनी तातडीने सभा बोलावली, ती तहकूब केली आणि तहकूब सभेत ठराव केला: गावात कोणताही प्रयोग, हस्तक्षेप, उपचार अथवा व्यवस्थापन झालेलं नाही, आण्णांची पुण्यतिथी झाली, पुण्यतिथीची सावली पडत नाही. लंकाबाई नुकसानीचा पंचनामा करा म्हणाल्या. ग्रामसेवक म्हणाले, जे झालं नाही त्याचा पंचनामा कोणत्या तारखेचा करू?

दिशा मॅडमनी त्यांच्या अहवालात 'नुकसान' असा शब्द लिहिला होता. साहेबांनी तो तपासला. छापून आला तेव्हा कुरडया 'संवेदनशील जैविक पृष्ठभाग' झाल्या होत्या, आणि त्या रविवारबद्दल एवढंच वाक्य होतं की एका लाभार्थी कुटुंबाने स्वेच्छेने अल्पकालीन स्थलांतर करून प्रकल्पास मोलाचं सहकार्य केलं. मॅडमनी स्वतः येऊन ते वाक्य लंकाबाईंना वाचून दाखवलं. लंकाबाईंनी त्यांना चहा दिला. "आमच्या जाण्याला आजपातूर कुनी सहकार्य म्हनलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी सूर्यभान मुकादम दारात आला. जाताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मंग नाव घालू का दोघांचं?"

"थांब," लंकाबाई म्हणाल्या. "एक अर्ज करते. उत्तर येईस्तोवर घालू नको."

अर्ज त्यांनी सांगितला आणि दिशा मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तो चांगल्या भाषेत लिहिला. खाली लंकाबाईंनी सही केली. आवक क्रमांक पडला आहे. मजकूर असा:

प्रति, मा. सरपंच व ग्रामसेवक, ग्रुप ग्रामपंचायत धामणटाकळी. विषय: पुण्यतिथीचा रविवार पुन्हा घेणेबाबत. महोदय, उपरोक्त रविवारी गावात काहीही झालेले नाही, हा ठराव अर्जदारास मान्य आहे. तथापि त्या दिवशी सूर्य गैरहजर होता व त्यामुळे दिवसाची गणपूर्ती झालेली नव्हती, हे उपस्थित सर्वांनी पाहिले आहे. तरी सदर रविवार गणपूर्तीअभावी तहकूब समजण्यात यावा आणि तो प्रचलित पद्धतीनुसार ऑक्टोबरपूर्वी, सकाळपासून सायंकाळपर्यंत, पूर्ण उन्हासह, अर्जदाराचा गहू, दुकानदार व मंगळवार यांच्यासमवेत पुन्हा घेण्यात यावा, ही नम्र विनंती.